आगटीवरचं लाल फडकं

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ग्लेनिस ट्रिफिट मर्व्ह पायबसच्या छपरावर होती. एक पाय पत्र्यावर, दुसरा धुराड्याच्या विटांना टेकलेला. तारीख चोवीस एप्रिल. रात्रीचं दव पत्र्यावर गोठून पांढरं झालं होतं आणि ऊन नुकतंच टेकडीवरून खाली सरकत होतं. काठीला काठी जोडत तिनं ब्रश धुराड्यात सोडला, तळाला टेकवला, वर ओढला, परत सोडला. खाली घरात काजळी भसकन पडल्याचा आवाज आला.

"काय गं, वरून कुणाकुणाचं काय काय दिसतं?" अंगणातून मर्व्हनं विचारलं. मर्व्ह म्हणजे आयुष्यभर मेंढ्या भादरलेला आणि आता हातांना काम नाही म्हणून तोंड चालवणारा माणूस.

"तुझं टक्कल दिसतंय. ऊन पडलं की डोळे दिपतात. टोपी घाल."

"चांगली टोपी उद्यासाठी ठेवलीय."

"मग उद्यापर्यंत आत जाऊन बस."

"बसलो असतो. पण आत बर्फ झालाय. आणि काजळी झाडायलाही कुणीतरी माझा नंबर सगळ्यांत शेवटी लावलाय."

"शेवटचा नाही, शेवटून दुसरा. शेवटचा थेल्माचा."

"हो, थेल्माचा मान वेगळा. आम्हाला नुसती काजळी, तिच्याकडे चहा नि केक."

ब्रश वर आला होता, त्याला डांबरासारखे चिकट तुकडे लागले होते. "ओली लाकडं जाळलीस," ती म्हणाली.

"नाही जाळली."

"मर्व्ह."

"दोनचार."

डनकर्न हे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या पठारावरचं गाव. इथं थंडीची लाज बाळगतात. अँझॅकच्या दिवसाआधी, म्हणजे पंचवीस एप्रिलच्या आधी, घरातली आगटी पेटवायची नाही अशी रीत आहे. त्या पहाटे बागेतल्या स्मारकापाशी मेलेल्या सैनिकांसाठी उभं राहायचं, बिगूल ऐकायचा आणि घरी येऊन हिवाळ्यातली पहिली काडी ओढायची. आधी पेटवली तर दंड होत नाही. दुकानात पाव आणायला गेलं की "काय रे, हाडं म्हातारी झाली वाटतं?" एवढं ऐकून घ्यावं लागतं. ते कुणालाच नको असतं. म्हणून माणसं दोन-दोन स्वेटर घालून कुडकुडतात, पण चोवीस तारखेलाही काडी लावत नाहीत.

दुसरी रीत ग्लेनिसच्या धंद्यातली. थंडी सरली की काळे स्टार्लिंग पक्षी धुराड्यांत घरटी घालायला येतात. जाळी बसवली तर ती काजळीनं बुजते, म्हणून इथं नोव्हेंबरात प्रत्येक धुराड्याच्या तोंडात लोकरीचं जुनं पोतं कोंबून तारेनं बांधतात आणि एप्रिलमध्ये ते काढून धुराडं झाडतात. पोतं वर आहे याची खूण म्हणून खाली आगटीवरच्या खिळ्याला लाल फडकं टांगलेलं असतं. फडकं टांगतं ते धुराडं साफ करणारं माणूस, आणि काढतंही तेच. घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. लाल फडकं लोंबतंय तोवर काडी नाही, हे डनकर्नमधलं चार वर्षांचं पोरही सांगेल.

ग्लेनिसनं शेवटची काठी सोडवली आणि सवयीनं गावावर नजर फिरवली. सगळी धुराडी थंड होती. तिथून दोन गल्ल्या पलीकडे थेल्मा हॅलेटचं दगडी घर, त्याच्या धुराड्यावर ग्लेनिसनंच नोव्हेंबरात बांधलेलं पोतं, जुन्या टोपीसारखं एका बाजूला कललेलं. ते जिथल्या तिथं होतं.

धूर निघत होता तो धुराड्यातून नव्हे. पत्र्याच्या वळचणीखालून, भिंत आणि छप्पर मिळतात त्या फटीतून, सगळ्या बाजूंनी सारखा. पातळ, करडा, सावकाश. घर घाम गाळतंय तसा.

"मर्व्ह," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की त्याला ऐकूच गेला नाही. मग ती शिडीवरून उतरली नाही, घसरली. काठ्या छपरावरच राहिल्या. धंद्यात आल्यापासून हे पहिल्यांदाच.

"अगं, काय झालं?"

"थेल्माकडे कुणीतरी पेटवलीय."

"काय पेटवलंय?"

"आगटी! पोतं वर आहे. चल, गाडीत बस!"

"थेल्मानं?" मर्व्ह गाडीत चढता चढता म्हणाला. "शक्य नाही. अख्खं गाव पेटवेल, थेल्मा नाही पेटवणार."

ग्लेनिसलाही तेच वाटत होतं. तिला वाटलं, घर लागलं असेल. विजेची तार असेल. कुणी पाहुणा आला असेल, होबार्ट शहरातून तिचा मुलगा, नेव्हिल, काही न कळणारा. त्या दीड मिनिटात तिनं जे जे कारण सुचलं ते धरून पाहिलं. थेल्माचं नाव तिनं त्यात एकदाही घेतलं नाही.

मागचं दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीचं बंद होतं. ते उघडल्यावर धूर छातीएवढ्या उंचीवर छपरासारखा पसरलेला दिसला, आणि त्याच्या खाली, आगटीसमोरच्या खुर्चीत, थेल्मा ताठ बसली होती. बाहेरचा निळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मांडीवर पर्स. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खोकत होती, पण उठलेली नव्हती.

ग्लेनिसनं तिच्या काखेत हात घालून तिला ओढत अंगणात आणलं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला वजन असं नव्हतंच. मर्व्हनं तोंडाला गळपट्टा गुंडाळला, राखेच्या बादलीत जळती लाकडं भरून बाहेर फेकली, खिडक्या उघडल्या, परत आत गेला. तो खोकत बाहेर आला तेव्हा थेल्मा बागेतल्या बाकावर बसून ग्लेनिसकडे रागानं बघत होती.

"आत्ता आलीस?" ती म्हणाली.

"थेल्मा, श्वास घे. मोठा घे."

"पाच वाजल्यापासून फाटकाशी उभी आहे मी. एवढ्या थंडीत! सव्वापाचला येते म्हणाली होतीस. साडेपाच झाले, सहा झाले. बिगूलसुद्धा ऐकू आला नाही. म्हटलं, गेली वाटतं मला सोडून."

ग्लेनिसला आधी काही कळलंच नाही. तिनं वाक्यं ऐकली, पण ती कशाला जोडायची ते समजेना. मग तिनं कोटाकडे पाहिलं. उजव्या छातीवर थेल्माच्या वडिलांची पदकं होती, तीन, घासून चकचकीत केलेली. दुसऱ्याची पदकं लावणाऱ्यानं ती उजवीकडे लावायची असतात. तेही बरोबर होतं. त्यांच्या वर रोजमेरीची ताजी डहाळी, अँझॅकला आठवणीची खूण म्हणून लावतात ती, टाचणीनं खोचलेली होती. बूट पॉलिश केलेले होते. केस विंचरून बांधलेले होते.

"थेल्मा," ती म्हणाली, "आज चोवीस आहे."

"पंचवीस."

"चोवीस. अँझॅक उद्या आहे."

थेल्मानं मर्व्हकडे पाहिलं. मर्व्ह, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायला असतं, तो आपल्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत राहिला.

"मर्व्ह पायबस, तू सांग हिला."

"चोवीसच आहे गं," मर्व्ह म्हणाला. "मी दाढीसुद्धा केलेली नाही, बघ ना."

थेल्मानं त्याच्या गालाकडे नीट बघून घेतलं. मग ती म्हणाली, "एक दिवस चुकला, तर त्यात काय एवढं. तुम्हा दोघांची तोंडं अशी झालीत की जसं कुणी मेलंय."

एक दिवस कुणाचाही चुकतो. ग्लेनिसनं स्वतःशी हेच म्हटलं, आणि म्हणता म्हणता तिची नजर थेल्माच्या कोटाच्या खिशाकडे गेली. खिशातून लाल कापडाचं टोक बाहेर डोकावत होतं, रुमालाचं डोकावतं तसं. तिनं ते ओढून काढलं. फडकं होतं, तिनंच नोव्हेंबरात खिळ्याला टांगलेलं. धुतलेलं. इस्त्री करून चौकोनी घडी घातलेलं.

"हे कुठून काढलंस?"

"रुमाल आहे. भिंतीला का लावून ठेवला होता कुणी, कोण जाणे. तुझाच असेल. किती मळका झाला होता."

"थेल्मा, धुराड्यावर पोतं आहे."

"कसलं पोतं?"

इथं थेल्मा हॅलेट कोण हे सांगायला हवं. नाहीतर त्या दोन शब्दांनी ग्लेनिस का हादरली, हे कळणार नाही.

लाल फडकं ही थेल्माची कल्पना होती. तिचा नवरा बेसिल पंचक्रोशीतली धुराडी साफ करायचा, ती शिडी धरायची. तेव्हा पोतं बांधायची रीत होती, खूण ठेवायची नव्हती. बेसिल सगळं डोक्यात ठेवायचा. एका वर्षी गावातली सगळी पोती काढून तो थकून घरी आला आणि स्वतःच्या घरचं तेवढं विसरला. अँझॅकच्या सकाळी स्मारकावरून परत येऊन त्यांनी आगटी पेटवली, बेसिल लाकडं आणायला गेला, थेल्मा गाय पिळायला. चार वर्षांचा नेव्हिल आगटीपुढच्या गालिच्यावर झोपला होता. ती परत आली तेव्हा पोराचे ओठ निळे पडले होते. तिनं त्याला उचलून बाहेर गवतावर टाकलं आणि पाठीत धपाटे घातले. पोरगं रडलं. वाचलं. दुसऱ्या दिवशी थेल्मानं स्वतःचा लाल फ्लॅनेलचा परकर फाडला आणि त्याच्या चिंध्या केल्या.

ग्लेनिस या धंद्यात आली तीही थेल्मामुळेच. तेव्हा ती मेंढ्या भादरायच्या शेडमध्ये लोकर उचलायची, आणि वाकून वाकून तिची कंबर गेली होती. बेसिलची फुप्फुसंही त्याच सुमाराला गेली. थेल्मा तिच्या दारात येऊन उभी राहिली आणि विचारलं, "उंचीची भीती वाटते?"

"नाही."

"काळं व्हायची?"

"नाही."

"लोक काय म्हणतील याची?"

"ती वाटते."

"मग जमेल तुला. ज्याला ती वाटत नाही तो दुसऱ्यांच्या घरातलं बाहेर बोलतो."

मग तिनं दोन नियम सांगितले. घरात दिसलेलं घरातच ठेवायचं. बाटल्या दिसतील, वेगळे बिछाने दिसतील, रडलेले डोळे दिसतील, आपण फक्त काजळी बघायची. आणि धुराड्याबद्दल खोटं बोलायचं नाही, कधीही, कुणासाठीही. काठ्या कशा जोडायच्या ते बेसिलनं शिकवलं. बाकीचं थेल्मानं. बेसिल गेला तेव्हापासून दर अँझॅकला पहाटे ग्लेनिस तिला गाडीतून स्मारकापाशी नेते, आणि आदल्या दिवशी दुपारी तिचं धुराडं शेवटी साफ करते, कारण त्यानंतर चहा असतो आणि पुढचं कुणी वाट बघत नसतं.

"कसलं पोतं?" थेल्मानं परत विचारलं.

ग्लेनिसनं तिला वेगळं विचारलं. "नेव्हिल लहान असताना काय झालं होतं, आगटीपाशी?"

"अगं, ते मी कशी विसरेन?" थेल्मा म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. गायीचं नाव. गालिच्याचा रंग. बादली कुठं सांडली. ओठ. धपाटे. बेसिल लाकडांची मोळी टाकून कसा धावत आला आणि काही न बोलता कुंपणापाशी जाऊन कसा ओकला. परकर कुठल्या दुकानातला होता आणि त्याच्या किती चिंध्या निघाल्या. एक शब्द अडखळला नाही. आणि हे सांगत असताना ग्लेनिसच्या हातातलं ते लाल फडकं परत घेऊन ती त्यानं डोळे पुसत होती, नाक पुसत होती, बोटांत चुरगाळत होती. तिच्या गोष्टीतलं फडकं आणि हातातलं फडकं यांची एकमेकांशी ओळखच नव्हती.

मर्व्ह हळूच उठला आणि घराच्या कोपऱ्यामागे गेला. थोड्या वेळानं त्याचा फोनवरचा आवाज आला. तो रुग्णवाहिका बोलावत होता.

गावची रुग्णवाहिका दोन स्वयंसेवक चालवतात. त्यांनी थेल्माला प्राणवायू लावला, बोटाला यंत्र लावलं, पुन्हा पुन्हा तपासलं. आकडे सुधारत गेले. ती होबार्टच्या इस्पितळात जायला तयार नव्हती आणि हे तिनं मुखवट्याच्या आतूनही सगळ्यांना नीट ऐकवलं. शेवटी आरोग्य केंद्रातली नर्स आली, तिनं छाती ऐकली, रक्त घेतलं आणि म्हणाली की दुपारपर्यंत कुणीतरी शेजारी बसणार असेल तर राहू दे. डोकं दुखलं, झोप आवरेनाशी झाली तर मात्र एक क्षण थांबायचं नाही. मग तिनं ग्लेनिसला बाजूला घेऊन विचारलं, "आगटी कशी पेटली?"

"बघते," ग्लेनिस म्हणाली.

सगळे गेल्यावर दोघीच राहिल्या. थेल्मानं पदकं काढून हातात घेतली होती.

"नेव्हिलला सांगू नकोस," ती म्हणाली.

ग्लेनिसनं बाकावर पडलेलं लाल फडकं उचलून आपल्या खिशात घातलं.

"तो गेल्या वर्षापासून टपलाय. भिंतीवर ते गरम वाऱ्याचं यंत्र लावू, धुराडं बुजवू, नाहीतर माझ्याकडे ये. त्याच्या घरात मी काय करणार? खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. एकदा तिथं गेले की परत येणार नाही मी, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय सांगू त्याला? नर्स सांगेलच की धूर झाला होता."

थेल्मा क्षणभर विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला, पूर्वी एखाद्या नाठाळ धुराड्याचा तिढा सुटला की उजळायचा तसा. "सांग, की तू पोतं काढायला विसरलीस," ती म्हणाली. "बेसिल विसरला होता तसं. फडकं काढलंस आणि पोतं राहिलं. माणूस आहे, चुकतं. कुणाला खोटं वाटणार नाही."

त्या सकाळी ग्लेनिसला बसलेला हा तिसरा धक्का. तारीख हरवली होती, फडकं हरवलं होतं, आणि तरीही त्याच डोक्यानं, त्याच वेळी, हे इतकं नेटकं जुळवलं होतं. खरंच कुणाला खोटं वाटलं नसतं. पोतं तिनंच बांधलं होतं. थेल्मानं चूक केली यावर गाव विश्वास ठेवणार नाही. मर्व्हनंही ठेवला नव्हता. ग्लेनिसनं केली यावर मात्र दुपारपर्यंत ठेवील, आणि पुढच्या एप्रिलला निम्मी गिऱ्हाइकं होबार्टहून दुसरा माणूस बोलावतील. त्याचं तिला फारसं वाटलं नाही, असं ती नंतर म्हणाली. हादरली ती दुसऱ्या गोष्टीनं. धुराड्याबद्दल खोटं बोलायचं नाही, हा नियम जिनं शिकवला तीच हे सांगत होती, आणि आपण कुठला नियम मोडतोय हे तिला आठवत नव्हतं.

"चहा टाकू?" ग्लेनिसनं विचारलं.

"टाक. पण आधी हो म्हण."

"आधी धुराडं झाडते."

मर्व्हनं तिच्या काठ्या आपल्या छपरावरून आणून दिल्या. त्या वयात तो छपरावर चढला याबद्दल एरवी तिनं त्याला फाडून खाल्लं असतं.

"काय ठरलं?" त्यानं विचारलं.

"धुराडं झाडायचं ठरलंय."

"ते नाही विचारत मी."

"मला कळलं, काय विचारतोस ते."

"ग्लेनिस, मी काही बघितलं नाही. तू म्हणशील ते मी बघितलं. एवढं लक्षात ठेव."

मर्व्हला थेल्माजवळ बसवून ग्लेनिस वर गेली. पोत्याच्या खालच्या अंगाला धग लागून ते तपकिरी झालं होतं, एका ठिकाणी जळून भोक पडलं होतं. ते भोक नसतं तर धूर आणखी दाटला असता. भोक मोठं झालं असतं तर पेटतं पोतं आगटीत पडून थेल्माच्या पायाशी आलं असतं. तिनं तार कापली, पोतं खाली फेकलं आणि धुराडं नेहमीसारखं झाडलं, वरून खाली, खालून वर, मग विटांच्या खाचेत हात घालून. आत एकही घरटं नव्हतं. काजळी कोरडी आणि थोडी होती. थेल्मानं आयुष्यात कधी ओलं लाकूड जाळलं नव्हतं.

काम संपल्यावर ती लगेच उतरली नाही. छपराच्या कण्यावर बसून तिनं नेव्हिलला फोन लावला, कारण खाली बसून लावला असता तर थेल्माच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

"नेव्हिल, आई बरी आहे. तिनं आज आगटी पेटवली. पोतं वर होतं."

"फडकं नव्हतं का?" त्यानं विचारलं. आवाज पन्नाशीच्या माणसाचा नव्हता.

"होतं. तिनं काढलं. ते कशाचं आहे हे तिला आठवत नाही."

"तिला?"

"तिला."

"ग्लेनिस, फडकं तिनंच तर..."

"हो."

"माझ्यामुळे तिनं..."

"हो. ये तू."

तो अकराच्या सुमाराला पोचला. आईजवळ बसला, तिचा हात हातात घेऊन. थेल्मानं त्याच्या खांद्यावरून ग्लेनिसकडे पाहिलं.

"चुगली केलीस."

"केली."

"मी तुला धंद्याला लावलं."

"लावलंस. म्हणूनच केली."

नेव्हिल उठून आगटीपाशी गेला, गालिच्यापाशी उभा राहिला, आत वाकून बघितलं. "हे बुजव," तो म्हणाला. "आज. आत्ता. पैसे काय ते सांग, पण वर झाकण ठोक आणि कायमचं बंद कर."

"घर माझं आहे," थेल्मा म्हणाली.

"आई, तू मेली असतीस."

"मग माझ्या घरात मेले असते."

"आणि ग्लेनिसनं तुला बघितलं नसतं तर? दुपारी काठ्या घेऊन आली असती आणि..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. ग्लेनिसनं ते मनात पुरं केलं. मर्व्हचा नंबर शेवटून दुसरा नसता, ती छपरावर पाच मिनिटं उशिरा चढली असती, ब्रश जरा आधी वर आला असता.

"आज नाही बुजवणार मी," ती म्हणाली. "झाडलेलं धुराडं आहे, त्यात काही खोट नाही. पेटवणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे. तो आपण आधी सोडवू."

"मी इथंच आहे," थेल्मा म्हणाली. "माझ्याबद्दल बोलताय ना, मग माझ्याकडे बघून बोला."

ग्लेनिस तिच्याकडे वळली. खिशातून लाल फडकं काढून तिनं ते आगटीवरच्या खिळ्याला टांगलं. "हे काय आहे?"

थेल्मानं बराच वेळ बघितलं. तिनं मुलाकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावर उत्तर आहे का ते शोधलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत असायला हवं का?"

नेव्हिल रडू लागला. थेल्मानं त्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि तो का रडतोय हे कुणीतरी सांगेल म्हणून इकडेतिकडे बघत राहिली.

पुढचं बोलणं मग लांबलं नाही. थेल्मानं स्वतःच सुरुवात केली. "मला ते लाल काय आहे ते आठवत नसेल," ती म्हणाली, "तर मी काडी लावू नये. पण थंड आगटीसमोर मला बसवू नका." नेव्हिल दोन आठवडे रजा काढून इथं राहील. पुढच्या आठवड्यात तो तिला डॉक्टरकडे नेईल. तो परत गेल्यावर हिवाळाभर आगटी ग्लेनिस पेटवेल, सकाळी, कामावर जायच्या आधी. दुपारी मर्व्ह येऊन लाकूड घालेल आणि संध्याकाळी निखारे विझवून राख बाहेर नेईल. त्यापुढचं काय ते नोव्हेंबरात बघू. नेव्हिलला हे पटलं नव्हतं. त्यानं एवढंच म्हटलं, की नोव्हेंबरात धुराड्यावर पोतं बांधशील तेव्हा झाकणाचं माप घेऊन ठेव.

"घेईन," ग्लेनिस म्हणाली.

मर्व्ह दारात उभा होता. "दुपारचा माझा पगार काय?"

"चहा नि केक," थेल्मा म्हणाली. "तुझी तक्रार होतीच ना."

हे तिला कसं कळलं, मर्व्हला समजेना. ती तक्रार तो गेली कित्येक वर्षं करतोय, एवढंच त्याचं उत्तर.

निघताना ग्लेनिसनं स्वयंपाकघरातून, फडताळातून आणि कोटाच्या दुसऱ्या खिशातून काडेपेट्या गोळा केल्या. जळकं पोतं गाडीच्या मागच्या बाजूला टाकलं. फडकं तिनं खिळ्यावरच राहू दिलं होतं, पण दारापाशी थेल्मानं तिला हाक मारली आणि ते तिच्या हातात दिलं, परत घडी घालून.

"तुझा रुमाल विसरतेयस," ती म्हणाली. "आणि उद्या उशीर करू नकोस. आजच्यासारखं."

उद्या पंचवीस एप्रिल. सूर्य सातला दहा मिनिटं कमी असताना उगवतो. स्मारकापाशी बिगूल त्याच्या आधी, सहाला. ग्लेनिसची गाडी सव्वापाचला थेल्माच्या फाटकाशी असेल. काडेपेट्या गाडीतच आहेत.